मोकळ्या हवेचा आकडा

कॅम्प ५, उल्हासनगर
सोमवार, १८ फेब्रुवारी २००८

प्रिय सरस्वती,

जयभीम. लग्नाला अडतीस वर्षं झाली आणि मी तुला एकही पत्र लिहिलेलं नाही. तशी गरजच पडली नाही. तू वर माळ्यावर, मी खाली गॅरेजमध्ये, मध्ये नुसत्या फळ्या. हाक मारली की काम भागायचं. तू बदलापूरला बहिणीकडे, वेणूकडे गेलीस त्याला आता आठ वर्षं झाली, पण तू लिहिशील तर मी लिहीन, असा माझा ताठा. तो ताठा आता कुठे गेला ते मलाच सापडत नाही. अक्षर वाकडंतिकडं येतंय, समजून घे. दहा तारखेच्या रविवारी दुपारी आपल्या गॅरेजमध्ये मी मीटरवर एक आकडा पाहिला. तेव्हापासून जेवतो, अंघोळ करतो, कुणी बोललं तर हो हो म्हणतो, पण थोबाडीत बसावी आणि मारणारा दिसू नये, तसा गालावर हात ठेवून बसलोय. आपल्या विक्रांतची बायको मनाली पाचव्या महिन्यात आहे. तिच्या पोटातल्या बाळाचं काय, ते डॉक्टरही अजून छातीठोक सांगत नाहीत. आणि त्याला कारण मी आहे. तुझ्याही बाबतीत मीच होतो.

मला सरळ सांगता येत नाही हे तुला ठाऊक आहे. आमचे अण्णा मास्तर कविता शिकवायचे तेव्हा आधी अर्थ सांगत नसत. डोळे मिटायला लावायचे आणि टेबलावर बोटांनी ठेका धरायचे. लघु, गुरू, लघु, गुरू. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा आणि एखाद्याची मात्रा चुकली की मास्तर डोळे न उघडता त्याचं नाव घ्यायचे. शाळा सातवीत सुटली, पण तो ठेका माझ्या कानातून गेला नाही. गॅरेजला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं की इंजिनही चालीत म्हणतं. चारी सिलिंडर नीट असले की चरण कसा घोटीव येतो, आणि एक अडखळलं की लगेच यतिभंग. बाकीचे मेकॅनिक प्लग काढून त्याचा रंग बघायचे. मी डोळे मिटायचो, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावायचो, आणि कार्बोरेटरचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. कल्याणपासून कर्जतपर्यंतच्या टॅक्सीवाल्यांत माझं नाव झालं ते या कानामुळे.

कानाला शांतता लागते. समोर जीन्स शिवणाऱ्यांची मशिनं, रस्त्यावर रिक्षा, पलीकडे कापडवाल्या सेठची माणसं गाठोडी उतरवताना आरडाओरडा करणार. म्हणून मी शटर पाडायचो. तास, दीड तास, कधी दोन तास. शटर पडलं की कॅम्प पाच बाहेर आणि आत मी आणि इंजिन. गिऱ्हाइकं बाहेर स्टुलावर बसून एकमेकांना सांगायची, "शंकरभाऊ समाधी में है." मला ते फार आवडायचं, सरू. आता खोटं कशाला बोलू?

दुसरं असं की उपाशी इंजिन मला बघवत नसे. पेट्रोल कमी मिळालं की इंजिन कुरकुरतं, खोकतं, थंडीत सकाळी उठत नाही. मी पोटभर पाजायचो. माझ्या हातची गाडी मऊ, तृप्त, लोण्यासारखी उभ्या उभ्या घुमायची. कॅम्प चारचा तो फियाटवाला सेठ दर वेळी कुरकुरायचा, "साईं, तेरे हाथ की गाड़ी पीती बहुत है." मी म्हणायचो, "सेठ, भूखी घोडी दौडेगी क्या?" तो हसायचा, पुन्हा माझ्याकडेच यायचा. ज्याचं लहानपण एका वेळच्या भाकरीवर गेलं त्यानं सगळ्यांना पोटभर वाढावं, यात मला काही चूक दिसली नाही. जे पेट्रोल पुरतं जळत नव्हतं ते पुढे कुठे जातं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. ते वर जात होतं. तुझ्याकडे.

आपल्या फळ्यांमध्ये मी हातभर चौकोन कापला होता, आठवतो? लग्नानंतर दोन वर्षांनी. बाहेरच्या जिन्यानं वळसा घालून तुला चहा आणावा लागू नये म्हणून. तू दोरीला डबा बांधून चहा सोडायचीस आणि त्याच चौकोनातून आपला खेळ चालायचा. मी खालून शाळेतल्या कवितेचा पहिला चरण म्हणायचा, तू वरून दुसरा. तूही सातवीपर्यंतच, पण तुझं पाठांतर माझ्याहून पक्कं. मी मुद्दाम चुकायचो, तू वरून लाटणं आपटायचीस. मग काही वर्षांनी तुझा चरण उशिरा येऊ लागला. मग अर्धाच यायला लागला. एकदा तर तू चौथीतल्या कवितेत अडकलीस, तीच ओळ तीनदा म्हणालीस, आणि नंतर नुसती शांतता. मी खालून ओरडलो, "झोपलीस का बाई?" तू म्हणालीस, "पुढचं येत नाही हो. डोक्यात धुकं झालंय." मी काय समजलो सांगू? समजलो की हिचा जीव उडाला माझ्यावरून. संसार जुना झाला की बायका कविता विसरतात, असं मी कामगारांना हसत सांगितलं. पुढे मी पहिला चरण म्हणायचंच सोडलं. अंगात विष जातंय म्हणून बाईला ओळ आठवत नाही, हे कुठल्या नवऱ्याच्या मनात येईल? पण एवढं तरी यायला हवं होतं की तू खोटं बोलत नाहीस.

डोकं. किती डॉक्टर केले आपण. एकानं चष्मा दिला, एकानं पित्त काढलं, एक म्हणाला अंबरनाथच्या कंपन्यांचा वास येतो त्यानं होत असेल, खिडक्या लावून घेत जा. तू बिचारी लावून घेत गेलीस. शेवटी एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं की मनाचं आहे, आणि गोळ्या लिहून दिल्या. त्या खाऊन तू दिवसभर भिंतीला टेकून बसायचीस. दुखायचं माझंही. शटर उघडून बाहेर आलो की कपाळ ठणकायचं. मी बाम चोळायचो आणि त्याला कष्ट म्हणायचो. तुझ्या दुखण्याला नाटक म्हणायचो.

आणि ते कॅलेंडर. ते तर मला आता रात्रंदिवस खातंय. तू ज्या ज्या दिवशी पडून राहायचीस त्या तारखेभोवती मी लाल पेन्सिलीनं गोल करायचो. वर्षभर केले. विहारात समाजाची बैठक बसली तेव्हा ते कॅलेंडर गुंडाळी करून मी बगलेत घेऊन गेलो. पाच वडीलधारे, गल्लीतल्या गोजरबाई, वेणू, आपला विक्रांत, सगळ्यांसमोर मी ते सतरंजीवर पसरलं. वकिलासारखा बोललो. म्हणालो, बघा, हिचं डोकं कधी दुखतं? ऐन सणाच्या तोंडावर. रविवारी. गाड्यांची रांग लागली, माणसांची ऊठबस वाढली, की नेमकं दुखतं. आणि महिनाभर बहिणीकडे बदलापूरला गेली तर? एक दिवस नाही! तिकडे धरणाच्या रस्त्याला मैल मैल चालते, कळशा आणते, हसते. मग हे दुखणं आहे की कामचुकारपणा? पाचही वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. तुला विचारलं तेव्हा तू फक्त एवढंच म्हणालीस, "इथं दुखतं, तिथं दुखत नाही. मला एवढंच कळतं." मी लगेच म्हणालो, "म्हणजे हिची डोकेदुखी मीच की!" आणि सगळे हसले. विक्रांतही खाली मान घालून हसला. तू पदर खोचून उठलीस, वेणूचा हात धरलास आणि गेलीस. पावती फाडावी इतक्या सहज मी ते जिंकलो होतो.

खरं म्हणजे त्या दिवशी सगळा पुरावा सतरंजीवर पसरलेला होता. मीच गोळा केलेला. सण जवळ आला की गाड्या जास्त यायच्या, गाड्या जास्त आल्या की शटर जास्त वेळ खाली असायचं. बदलापूरला शटर नव्हतं. एवढं सोपं होतं. मी तो धडा उलटा वाचला आणि मोठ्यानं वाचला.

मी एकदा बदलापूरला येऊन गेलो, हे तुला माहीत नाही. तू गेल्यावर दोन वर्षांनी. वेणूच्या घरासमोर चिंचेखाली उभा राहिलो. तू अंगणात निवडत बसली होतीस आणि वेणूला काहीतरी म्हणून दाखवत होतीस. लांबून शब्द कळले नाहीत पण ठेका कळला. न अडखळता, सगळी कविता, शेवटच्या चरणापर्यंत. तुझा चेहरा लग्नातल्यासारखा उघडा झाला होता. इतकी बरी दिसलीस की मला राग आला. तसाच परत फिरलो.

आता विक्रांतचं सांगतो. त्याच्या लग्नाला तू आली नाहीस, वेणूच्या हाती हिरवी साडी पाठवलीस. मनालीनं ती पहिल्याच सणाला नेसली. अकोल्याची आहे. मोठ्यानं हसते, शेंगदाणे खिशात घेऊन फिरते, इथल्या बालवाडीत शिकवायची. दोघं माळ्यावर राहतात, म्हणजे राहत होते. विक्रांत नव्या तऱ्हेचं काम करतो. सेठ लोकांच्या पोरांच्या गाड्या पळाव्यात म्हणून इंजिनं लावून देतो, लॅपटॉप घेऊन. दिवाळीनंतर त्यानं कुणाच्या तरी भावाकडून दुबईहून एक वस्तू मागवली. वाइडबँड सेन्सर म्हणतात. अंगठ्याएवढा असतो. सायलेन्सरच्या नळीला भोक पाडून, नट वेल्ड करून त्यात पिळायचा. जळून आलेल्या धुरात प्राणवायू किती उरला ते तो हुंगतो आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाच्या मीटरवर आकडा येतो, की इंजिनात एक भाग पेट्रोलला किती भाग हवा गेली. चौदा पूर्णांक सात आला की पुरतं जळलं. त्याच्या खाली गेला की पेट्रोल जास्त, वर गेला की हवा जास्त. विक्रांत सांगत होता, जुने सेन्सर नुसतं जास्त का कमी एवढंच सांगायचे, हा नेमकं किती ते सांगतो. मी म्हटलं, "मास्तरांनी ठेका सोडून मीटर लावलं वर्गात!"

त्याच सुमारास मनालीचं डोकं दुखायला लागलं. उलट्या व्हायच्या, ते सगळ्यांनी पोटातल्या बाळावर घातलं. पण एकदा ती जिन्यात बसून मला म्हणाली, "बाबा, बालवाडीत गेले की उतरतं, घरी आले की चढतं." तुझेच शब्द! आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "या घरातल्या बायकांना एकच आजार आहे." तिनं शेंगदाण्यांची टरफलं मुठीत गोळा केली आणि वर गेली. त्या आठवड्यात बालवाडीही सुटली, डॉक्टरांनी आराम सांगितला म्हणून. म्हणजे ती दिवसभर वरच.

दहा तारखेला दुपारी फियाट लावायला होती, त्याच सेठची. विक्रांत म्हणाला, "बाबा, होऊन जाऊ द्या. तुम्ही कानानं लावा, मी मीटरवर बघतो." मी शटर पाडलं. दीड तास लावला. असं इंजिन मी वर्षात लावलं नव्हतं, असं घुमत होतं. म्हटलं, बघ आता. त्यानं मीटर माझ्याकडे वळवलं. अकरा पूर्णांक पाच. विक्रांत हसायला लागला, "बाबा, ही जळत नाहीये, नुसती ढेकर देतेय." मी म्हटलं तुझं खेळणं बिघडलंय. त्यालाही राग आला. म्हणाला, "बिघडलंय का ते आत्ता दाखवतो." सेन्सर तपासायचा तर तो नळीतून काढून नुसत्या हवेत धरायचा, मोकळ्या हवेतला प्राणवायू शेकडा वीस पूर्णांक नऊ दाखवला की सेन्सर ठीक. इंजिन बंद केलं, तापलेला सेन्सर पकडीत धरला, तिथंच गॅरेजमध्ये. वीस पूर्णांक पाच. मी टाळी वाजवली. हो, टाळी वाजवली.

विक्रांत मात्र मीटरकडे बघत उठला. त्यानं शटर वर केलं, एका हातात मीटर आणि त्याची बॅटरी, एका हातात पकड, आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. वीस नऊ. मागच्या कोपऱ्यात, जिन्याखाली आला. वीस पाच. पुन्हा बाहेर. वीस नऊ. तीन वेळा केलं त्यानं. समोरचे कारागीर मशिनं थांबवून बघायला लागले. मी म्हटलं, "एवढ्याशानं काय होतंय रे?" तो म्हणाला, "बाबा, जे कमी झालं त्याच्या जागी काय आलं ते विचारा." मला अजून कळलं नव्हतं. त्याला कळलं. त्यानं वर बघितलं, फळ्यांकडे, मग त्या चौकोनाकडे. स्टुलावर चढला आणि ज्या चौकोनातून तू चहा सोडायचीस त्यातून तो सेन्सर वर घातला. मी खाली मीटर धरून उभा. वीस सहा. मी ते मोठ्यानं वाचलं, का कोण जाणे, वर्गात वाचतात तसं. स्टुलावरूनच विक्रांतनं हाक मारली, "मनू?" उत्तर आलं नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. पकड खाली पडली आणि विक्रांत जिन्यानं धावत सुटला.

ती चटईवर पडून होती, डोळे उघडे, पण नाव विचारलं तर सांगता येईना. आम्ही तिला खाली रस्त्यावर आणली, रिक्षात घातली. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, विक्रांतनं तिला मीटरचे आकडे सांगितले. तिनं आधी प्राणवायूचा मुखवटा लावला आणि मग विचारलं, "तुम्ही राहता त्याच्या खाली काय आहे?" सरू, पंचवीस वर्षांत आपण किती डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवल्या, हा एक प्रश्न कुणी विचारला नाही. आणि ज्याला उत्तर माहीत होतं तो बाहेरच्या बाकावर बसून तुझ्या तक्रारी सांगत असायचा. रक्त मुंबईला पाठवलं, दोन दिवसांनी रिपोर्ट आला. कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. धुराचा वास आपल्याला सवयीचा होता, पण जो मारतो तो त्यातला बिनवासाचा. डॉक्टरीण म्हणाली, बाळाच्या रक्ताला तो आईपेक्षा जास्त चिकटतो आणि सुटतोही उशिरा. ठोके आज नीट आहेत. पुढच्या महिन्यात सोनोग्राफी करू, तोवर मी काहीच सांगणार नाही. मी तिला तुझं विचारलं. कवितेचं विचारलं, धुक्याचं. ती म्हणाली, "आजोबा, हो. तसंच होतं." तिनं ते अगदी हळू सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मनालीला परत माळ्यावर न्यायचा प्रश्नच नव्हता. गॅरेज मी त्या दिवसापासून बंद केलंय. तिला गोजरबाईंनी आपल्या घरी नेलं, एका खोलीत आधीच सात माणसं. तुला आठवत असेल, त्या बैठकीत गोजरबाई एकट्याच म्हणाल्या होत्या की बाईचं डोकं बाईलाच ठाऊक. मी त्यांना सगळं सांगायला गेलो तर ऐकून घेतलं, तपकीर ओढली आणि म्हणाल्या, "म्हणजे मशिनीनं सांगितलं तवा पटलं व्हय रे शंकर? सरस्वतीनं पंचवीस वर्सं सांगितलं, ती काय मशिनीपरीस कमी होती?" याचं उत्तर तुझ्याकडे मागण्याचाही मला हक्क नाही.

काल रविवार. विहारात वंदनेनंतर मी उभा राहिलो. त्या पाचांतले दोघे वारलेत, एकाला ऐकू येत नाही. मी सगळं सांगितलं. शटर, चौकोन, कॅलेंडर. म्हटलं, सरस्वतीचं दुखणं खरं होतं, आणि ते मीच तिला देत होतो, आणि या जागी उभं राहून मी तिला खोटं पाडलं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा ओरडून सांगितलं, कारण हसताना ते सगळ्यांत मोठ्यानं हसले होते. ते म्हणाले, "अस्सं? मग बोलाव की तिला परत." जणू छत्री विसरली होतीस. मी तुला परत ये म्हणत नाही. म्हणणार नाही. तू चांगल्या हवेत आहेस.

मग हे पत्र कशाला, ते लिहितो. मनालीला अकोल्याला माहेरी पाठवायचं तर डॉक्टरीण एवढा लांबचा प्रवास नको म्हणते. विक्रांतनं चिखलोलीला नव्या इमारतीत खोली बघितलीय, ती मेअखेर मिळेल. तोवर या पोरीला झाडं असलेली जागा हवी, आणि जिला काही समजावून सांगावं लागणार नाही असं माणूस हवं. असं माणूस जगात एकच आहे. हे पत्र मी पोस्टात टाकत नाही, मनालीच्याच हातात देतोय. तुला ते तिनंच दिलं असेल. विक्रांत तिठ्यावर रिक्षात थांबलाय, तुझ्यासमोर यायची त्याची छाती नाही. मी तिला म्हटलं होतं, आधी आत जाऊन बस, मग पत्र दे. ती ऐकेना. म्हणाली, "नाही बाबा. आईंना आधी सगळं कळू दे. मग त्यांना वाटलं तर मला आत बोलावतील. मी फसवून आत जाणार नाही." म्हणजे तू ही सात-आठ पानं वाचतेयस तोवर ती उन्हात तुझ्या दाराशी उभीच आहे. हे मी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. लिहीत गेलो, आणि माझंच सांगत बसलो. सरू, पत्र ठेव. मला काही लिहू नकोस. आधी तिला आत घे.

तुझाच, म्हणू देशील तर,
शंकर